शेवटची लोकल, सकाळचा डबा आणि इम्प्रॉव्ह: तुम्ही कसं जमवता?

तिसरी_घंटा

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज मेगाब्लॉकमुळे कुठे जायचं नाही, म्हणून बसले.

मी डोंबिवलीला राहते. नोकरी लोअर परळला, एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. घरी नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. गेली चार वर्षं आमचा सहा जणांचा मराठी इम्प्रॉव्हचा गट आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते, यात संहिता नसते. प्रेक्षकांकडून एखादा शब्द, एखादी जागा किंवा एखादं नातं मागून घ्यायचं आणि त्यावर तिथल्या तिथे प्रवेश उभा करायचा. नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या. तालीम मात्र लागते, आणि लोकांचा विश्वास नेमका इथेच बसत नाही. "पाठ करायचं नाही तर तालीम कसली?" हे मी ऑफिसात, नातेवाइकांत, सोसायटीच्या हळदीकुंकवातसुद्धा ऐकलंय. तालीम एकमेकांची असते. समोरचा अर्ध्या वाक्यावर थांबला तर त्याला मदत हवीय की मोकळी जागा हवीय, हे ओळखायला वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा भेटावंच लागतं.

तर दर बुधवारी सात ते साडेनऊ दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम आणि महिन्यातले दोन शनिवार प्रयोग. प्रयोग बहुतेक अंधेरी-वर्सोव्याकडे, कारण पन्नास-साठ खुर्च्यांच्या जागा तिकडे जास्त. आम्हाला रात्री साडेनऊचा स्लॉट मिळतो, संपायला अकरा. मग धावत मेट्रो, घाटकोपरला उतरून मध्य रेल्वे. मेट्रो चुकली तर अंधेरीहून दादर आणि पूल चढून पलीकडे. घरात पाऊल टाकायला एक-दीड.

पैशांचंही सांगते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. तिकीट २५० रुपये. पंचेचाळीस माणसं आली तर ११,२५०. निम्मे जागेचे. पेटीवाल्याला १,००० दिले की उरलेल्याचे सहा वाटे, म्हणजे माणशी ७७० रुपये. शेवटची गाडी चुकली तर अंधेरी ते डोंबिवली कॅब हजाराच्या वर जाते.

तरीही का करते? मागच्या महिन्यातला एक प्रवेश सांगते. प्रेक्षकांतून शब्द आला, "सिलिंडर". मी म्हातारी झाले, माझा सहकारी सिलिंडर घेऊन आलेला माणूस. त्याने खांद्यावरचा न दिसणारा सिलिंडर इतका बेताने खाली ठेवला की पहिल्या रांगेतल्या बाईंनी पाय मागे घेतले. म्हणाला, "आजी, ओटीपी सांगा." मी म्हटलं, "फोन मुलाकडे असतो. तो आला की सांगते." "कधी येणार?" "दिवाळीला." लोक हसले. त्याने घाम पुसला, माझ्याकडे बघितलं, "मग थांबतो" म्हणाला आणि त्याच सिलिंडरवर बसला. हॉल एकदम गप्प झाला. तीन-चार सेकंदांनी कुणीतरी हसलं आणि मग सगळेच. त्या गप्प बसलेल्या तीन-चार सेकंदांसाठी मी बुधवारी ऑफिसातून उभ्याने दादरला येते.

त्या रात्री घरी पोचले तेव्हा पावणेदोन. सासूबाईंनी ओट्यावर ताटाखाली भाकरी-पिठलं झाकून ठेवलं होतं. कुणी उठू नये म्हणून नळाची बारीक धार सोडून ताट घासलं.

आता ज्यामुळे लिहितेय ते. एका बुधवारी तालमीत असताना शाळेच्या ग्रुपवर निरोप आला होता की उद्या युनिफॉर्म नको, मुलांना रंगीत कपड्यांत पाठवा. मी तो वाचलाच नाही. अख्ख्या वर्गात माझा मुलगा एकटा युनिफॉर्ममध्ये होता. तो घरी येऊन काहीच बोलला नाही. मला पाच दिवसांनी दुसऱ्या एका आईकडून कळलं. निरोप चुकला याच्यापेक्षा ते पाच दिवस मला त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, हे जास्त लागलं.

सोडायचं नाहीये. "छंदच आहे, कमी कर" हा सल्ला नको. जे करतायत त्यांनी आठवडा कसा मांडलाय ते सांगा. ज्यांच्या घरातलं माणूस करतंय त्यांनीही लिहा.

फेज_तीन

आमचा गट पुण्यात, पाच जण, त्यातले तिघे हिंजवडीत. पहिलं वर्षभर संध्याकाळी आठला शनिवार पेठेत तालीम ठेवली. ट्रॅफिकमधून आलेला माणूस शरीराने पोचतो, पण डोक्याने पाऊण तास वाकडच्या पुलावरच असतो. प्रत्येक प्रवेशात कुणीतरी कुणावर तरी ओरडत असायचं. आम्हाला वाटायचं, पात्रं रंगतायत. रंगत नव्हती, आम्ही दमलेलो होतो.

मग रविवारी सकाळी साडेसातला एकाच्या गच्चीवर जमायला लागलो. सकाळी विनोद करण्याची चढाओढ नसते, आवाज खाली असतो, माणूस नुसता उभा राहू शकतो. साडेनऊला संपतं, घरी पोह्यांना पोचतो, दिवस घरच्यांचा.

पण खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. तिसरी घंटा, तुमच्या प्रयोगाला सहाच्या सहा जण असतात का? आम्ही पाच आहोत, स्टेजवर चौघेच जातो. नाटकात एक माणूस आजारी पडला की प्रयोग अडतो, कारण त्याची भूमिका त्याचीच असते. आपल्याकडे भूमिकाच ठरलेल्या नसतात. दर प्रयोगाला एक जण मोकळा, आणि त्याने कारण सांगायचं नाही. कारण सांगावं लागलं की मुलाचा ताप मोठा की मेव्हणीचं डोहाळजेवण मोठं, असा हिशेब सुरू होतो आणि गटात कडूपणा येतो.

तारखाही तीन-तीन महिन्यांच्या एकदम ठरवतो. आधी परीक्षा, लग्नं, गणपती कॅलेंडरवर मांडायचे आणि उरलेल्यातून प्रयोग काढायचे.

खळ्यातलो_काळोख

मी ठाण्यात असतो, मूळ कुडाळ तालुक्यातला. तुमचं इम्प्रॉव्ह मी दोनदाच बघितलंय, पण वाचताना सारखा माझा काका आठवत होता. तो दशावतारी. स्त्रीपार्ट करायचा.

आमच्याकडेही संहिता नसते. संध्याकाळी कंपनी गावात पोचते, रात्री कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं. तोंडाला रंग लावता लावता कथेचा सांगाडा सांगून होतो, कोण कुणाच्या नंतर येणार, युद्ध कुठे, शाप कुठे. संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर उभे करायचे. राजापार्ट आणि खलपार्ट समोरासमोर आले की पुराणातल्या दाखल्यांची अशी झुंज लागते की म्हातारे पुढे सरकून बसतात. खाली पेटी, पखवाज आणि झांज. समोरच्याने टाकलेला शब्द उचलता आला नाही तर हजार माणसांदेखत उघडं पडायला होतं.

माझा काका दिवसा शेती करायचा. भात कापून झालं की कार्तिकातल्या जत्रांपासून हंगाम सुरू, मग आज इथे, उद्या तिथे. पहाटे नाटक संपायचं, घरी येऊन आंघोळ, पेज आणि झोप. त्याच्या घरासमोर दुपारी आम्हा पोरांना खेळू द्यायचे नाहीत. आजी काठी घेऊन पडवीत बसायची.

त्याला "वेळ कसा काढतोस?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्याचा वेळ गावाच्या पंचांगातच होता. जत्रा ठरलेली, हंगाम ठरलेला, पाऊस लागला की पेटारा बंद. पावसाळ्यात तो पूर्ण घरचा असायचा. शहरात तुम्हाला बारा महिने हंगाम आहे, म्हणजेच कुठलाच नाही. तुमची ओढाताण बहुधा तिथे आहे. पेटारा कधी बंद होणार हे घरच्यांना माहीतच नाही. वर्षातले दोन महिने बंद ठेवून बघा.

पूर्वेची

ज्यांच्या घरातलं माणूस करतंय त्यांनी लिहा असं म्हटलंय, म्हणून लिहिते. मुलुंडला राहते. नवरा इम्प्रॉव्ह करतो, सहा वर्षं झाली. मी रुग्णालयात परिचारिका आहे, तीन पाळ्यांत काम.

त्याचं काम मला आवडतं. त्याला स्टेजवर बघताना मी दुसऱ्या कुणाकडे बघूच शकत नाही. पण मला विचारलं कसं जातं ते ऐका. "या शनिवारी प्रयोग आहे, चालेल ना?" तेव्हा पोस्टर आदल्या दिवशीच फिरलेलं असतं. हे कळवणं झालं, विचारणं नाही. आणि "नाही चालणार" म्हटलं तर मी त्याच्या कलेच्या आड येणारी बायको होते. गटातले सगळे मला वहिनी वहिनी करतात, पण तारीख ठरवताना माझी पाळी कुठली आहे हे एकानेही कधी विचारलेलं नाही.

दुसरं, प्रयोग करून तो रात्री येतो तेव्हा पेटलेला असतो, तीनपर्यंत झोप नाही. मी झोपलेली असते किंवा ड्युटीवर. रविवारी मी जागी, तर तो विझलेला. विचारलं तर "हं." शनिवारी ५० लोकांनी त्याचं बोलणं ऐकलेलं असतं.

माझ्याकडे उपाय नाही. फ्रीजवर माझ्या पाळ्यांचा कागद लावलाय, त्याशेजारी त्याच्या तारखांचा कागद लावायला सांगून चार महिने झाले.

दोन_खुर्च्या

मी ११ वर्षं इम्प्रॉव्ह करतोय, त्यातली पाच-सहा वर्षं वर्गही घेतो. पूर्वेची, तुमचं तीनदा वाचलं.

आपल्याकडे पहिल्याच दिवशी "हो, आणि" शिकवतात, म्हणजे समोरच्याने दिलेलं मान्य करून त्यात भर घालायची, आणि तिथेच एक गैरसमज रुजतो. मुलं समजतात, कशालाही नाही म्हणायचं नाही. मग प्रयोगाला हो, कॉर्पोरेट कार्यक्रमाला हो, दुसऱ्या गटात पाहुणा म्हणून हो, मंगळवारच्या जॅमला, म्हणजे कुणीही येऊन खेळावं अशा बैठकीला, हो. त्या "हो"चा अर्थ समोरच्याने मांडलेलं वास्तव नाकारायचं नाही, एवढाच आहे. समोरचा म्हणाला, "दादा, हे घर मी विकतोय," तर मी "नाही विकू देणार" म्हणू शकतो. घर मान्य केलं, भाऊ मान्य केला, विक्री मान्य केली. पात्राने नकार दिला, पण ऑफर घेतली. "कुठलं घर? आपण तर चंद्रावर आहोत" म्हटलं, तर ब्लॉक केलं.

बायको म्हणते, "मी सलग तीन नाईट केल्यात." ही ऑफर आहे. त्यावर "पण प्रयोग तर ठरलाय" हे सरळ ब्लॉक आहे. वर्गात मी हे दोन मिनिटांत थांबवलं असतं. माझ्या स्वतःच्या घरी हे ओळखायला मला सात वर्षं लागली, आणि त्यात बरंच काही मोडलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

हे खेळ आले कुठून तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोमध्ये ते घडवले. हल हाऊस या वस्तीकेंद्रात नेवा बॉइड यांच्याकडे त्या शिकल्या, आणि पुढे परदेशांतून आलेल्या कुटुंबांतल्या, एकमेकांची भाषा न येणाऱ्या मुलांना नाटक शिकवताना त्यांनी हे खेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये 'सेकंड सिटी' सुरू करणाऱ्यांपैकी एक, तिकिटाचा प्रयोग हा त्या पुढचा भाग. पाया वस्तीतल्या मुलांच्या खेळाचा आहे. म्हणून महिन्याला चार प्रयोग करत नसलो तर आपण खरे इम्प्रॉव्हवाले नाही, ही भावना कुणी मनात ठेवू नये.

एक अगदी व्यवहाराची गोष्ट. प्रयोगानंतर नोट्स देणं बंद करा. रात्री सव्वाअकराला फुटपाथवर उभं राहून "त्या प्रवेशात तू एडिट उशिरा केलास, म्हणजे प्रवेश उशिरा तोडलास" हे बोलण्यात अर्धा तास जातो आणि ऐकणारा दुखावतो. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकी दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकतो. माणसं आधीच्या गाडीने घरी जातात, शिवाय सकाळी राग उतरलेला असतो.

बदलापूर_स्लो

मी २२ वर्षांचा आहे, दोन महिन्यांपूर्वी वर्ग सुरू केला. सगळ्या जॅमना जातो, आठवड्याला तीन. आई काळजी करते. कमी करू का?

दोन_खुर्च्या

तीनचा एक कर. उरलेल्या दोन संध्याकाळी बदलापूरच्या गाडीत लोक काय बोलतात ते ऐक, आईबरोबर जेव. प्रवेशात आणायला माणसं लागतात, आणि ती जॅममध्ये भेटत नाहीत. तिथे सगळे आपल्यासारखेच असतात.

फेज_तीन

दोन महिने बंद ठेवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. दशावतारी कलाकार लहानपणापासून त्या भाषेत वाढलेला असतो, पावसाळा संपला की ती जिभेवर तयार असते. आमच्यासारखे तिशीत शिकलेले लोक दोन महिन्यांत गंजतात. कोविडनंतर पहिल्यांदा भेटलो तेव्हा कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं, प्रत्येक जण आपलं वाक्य घुसवायला बघत होता. प्रयोग बंद ठेवा, तालीम बंद नको.

खळ्यातलो_काळोख

पटलं. काकाही पावसात नांगर धरून पदं म्हणायचाच. प्रयोग बंद, तालीम चालू.

तिसरी_घंटा

सगळ्यांचं वाचून बुधवारी गटासमोर मांडलं. सोपं गेलं नाही. एक जण म्हणाला, चौघांनीच जायचं तर गट कसला? त्याचं दुःख खरं आहे. तो घरी एकटा राहतो, त्याच्यासाठी ते दोन शनिवार म्हणजेच घर आहे. हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. मी सगळा हिशेब संसारवाल्यांच्याच बाजूने मांडत होते. शेवटी ठरलं असं की स्टेजवर चौघे, पण मोकळा असलेला माणूस हवं तर पेटीशेजारी बसेल. एकटा राहणारा तो मात्र प्रत्येक वेळी येणार आहे. तारखा तीन महिन्यांच्या एकदम. नोट्स दुसऱ्या दिवशी. आणि अंधेरीचा साडेनऊचा स्लॉट सोडून दादरला सहाचा घ्यायचा. तिथे गर्दी कमी होईल, पैसेही कमी मिळतील. पण आमच्यात आम्ही तिघी बायका आहोत. रात्रीच्या लेडीज डब्यात पोलीस असतो हे खरं, पण स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर नसतो.

पूर्वेची, तुमच्या फ्रीजवरच्या कागदाचं वाचून मी आमच्या फ्रीजवर कागद लावला. मधोमध सासूबाईंचं भजनी मंडळ आलं. गुरुवार. तो त्यांनी गेली दोन वर्षं माझ्या तालमीमुळे सोडला होता, कारण बुधवारी उशिरा जेवून दुसऱ्या दिवशी त्यांना होत नव्हतं. मला त्यांनी "पाय दुखतात" असं सांगितलं होतं.

पूर्वेची

वाचून डोळे भरले. त्याला तुमचा धागा पाठवला. काही बोलला नाही, पण संध्याकाळी बघितलं तर कागद लागलेला होता. पुढच्या दोन तारखा पेन्सिलीने लिहिल्यात, आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

दोन_खुर्च्या

पेन्सिलीने लिहिल्यात हे वाचून फार बरं वाटलं.

तिसरी_घंटा

महिन्याने लिहितेय. मागच्या शनिवारी माझी पाळी मोकळी राहायची होती. पहिल्यांदाच गट माझ्याशिवाय स्टेजवर गेला आणि मी घरी होते. खोटं कशाला सांगू, सहा वाजले तसं पोटात ढवळायला लागलं. मुलाबरोबर भूगोलाचा नकाशा रंगवत होते आणि हात थांबत होता. सव्वासातला गटावर मेसेज आला, शब्द मिळाला होता "पाणीकपात", आणि प्रवेश फार सुंदर झाला. मला आनंद झाला, आणि हेवाही वाटला. दोन्ही एकदम.

मुलाने विचारलं, काय झालं? सांगितलं. तो म्हणाला, मग आपण करू. त्याने रंगपेटीतली वाटी माझ्यासमोर धरली. म्हणाला, "काकू, अर्धी बादली द्या ना." मी म्हटलं, आमच्याकडेच नाही. तो म्हणाला, "मग तुमच्या बादलीत आमचं नाव लिहून ठेवा, आलं की न्यायला येतो." रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही शेजारी होतो. सासूबाई टँकर घेऊन आल्या.

युनिफॉर्मचं त्याच्याशी बोलले. त्याने "मला आठवत नाही" म्हटलं. आठवतं, हे दोघांनाही माहीत आहे. पुन्हा कधीतरी बोलू.

खळ्यातले काळोख, आमच्या गटाला दशावतार बघायचाय. मुलगाही येईल म्हणतो. कधी यावं?

खळ्यातलो_काळोख

कार्तिक लागला की तारखा कळवतो. रात्रीची तयारी ठेवून या. पालखीची प्रदक्षिणा झाल्याशिवाय नाटक उभं राहत नाही. जेवण आमच्या घरी. मुलाला दुपारी झोपवा, पडवीत काठी घेऊन बसायला माझी आई आहे.